इंजिन बंद पडल्यावर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. सचिवांच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)



सचिवांनी मला ‘आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षे’ हा विषय दिला होता. तो मी घेतला नाही. पंचवीस वर्षांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बोअरची मोटर किती वेळा जळाली आणि त्या-त्या वेळी वर्गणी कोणी दिली नाही, हेही माहीत आहे. ते आज कशाला? मी दुसरंच बोलणार आहे. बँकेतून रिटायर झालेला माणूस लढाऊ विमानावर बोलतो म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. पण याला कारण आहे, आणि त्या कारणाला तुमच्यातले पुष्कळ जण साक्षी आहेत.

माझा नातू हवाई दलात वैमानिक झाला. पेढे तुम्हीच खाल्ले. जूनमध्ये दुंडीगलला त्याची परेड झाली, खांद्यावर पट्ट्या लागल्या, आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याला बीदरला जायचं होतं. निघाला त्या दिवशी आपली अर्धी सोसायटी मूर्तिजापूर स्टेशनावर आली होती. गाडीला वेळ होता. कोणीतरी म्हणालं, आबाजी, दोन शब्द बोला. मला बोलायला सांगितलं की मी थांबत नाही, हे तुम्ही आत्ताही बघताच आहात. मी म्हणालो, ‘‘लेका, काहीही झालं तरी विमान सोडून यायचं नाही. जनतेच्या घामाचा पैसा आहे तो.’’ तुम्ही टाळ्या वाजवल्या. पोरगं हसलं, पाया पडलं, गाडीत चढलं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा माझ्या सुनेचा चेहरा कसा होता, ते मी पाहिलंच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी ती मला चहा देता-देता म्हणाली, ‘‘बाबा, त्या विमानाले एकच इंजिन असते म्हणते तो. ते वर बंद पडलं तं?’’

मी म्हणालो, ‘‘सूनबाई, असं अभद्र बोलू नये.’’

ती काही बोलली नाही. कपबशी घेऊन आत गेली. पण मला दिवसभर चैन पडलं नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, काउंटरवर कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की ‘साहेबांना भेटा’ म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा. आणि इथे घरच्या माणसानं सरळ प्रश्न विचारला, तर मी तेच केलं. म्हणून मग मी अभ्यासाला बसलो. पुस्तकं मागवली, ओळखीच्या एका निवृत्त हवाई दलवाल्यांशी फोनवर बोललो, आणि दिवाळीत पोरगं घरी आलं तेव्हा त्याला दोन दिवस ओट्यावर बसवून पिळून काढलं. जे समजलं ते सांगतो. चूक असेल तर माझी.

जेट इंजिन म्हणजे काय? पुढून हवा ओढायची, ती दाबायची, त्यात केरोसीनसारखं इंधन फवारायचं, पेटवायचं, आणि तो गरम झोत मागून सोडायचा. त्या झोताच्या जोरावर विमान पुढे जातं. आपल्या जुन्या पंपाच्या स्टोव्हसारखं समजा. हवा आणि रॉकेल यांचं गणित जमलं तोवर निळी ज्योत. वाऱ्याचा झपका आला, रॉकेलात कचरा अडकला, की भप्प करून विझला. विमानातही आत आग असते आणि ती विझू शकते. कधी पक्षी आत जातो, कधी इंधन अडतं, कधी आत येणारी हवाच बिघडते.

इंजिन दोन असली तर एकावर परत येता येतं. २७ जून २०१९ ला अंबाल्याहून जग्वार विमान उडालं आणि उडता-उडताच पक्ष्यांचा थवा आडवा आला. एक इंजिन गेलं. विमान जड, उंची नाही. वैमानिकानं काय केलं? जादा इंधनाच्या टाक्या आणि सरावाचे छोटे बॉम्ब खाली टाकून दिले, वजन कमी केलं, आणि दुसऱ्या इंजिनावर फिरून तिथेच उतरला. हे सगळं किती वेळात? आपण चष्मा शोधतो तेवढ्या वेळात.

पण एकच इंजिन असलं तर? आपल्या हवाई दलाचं मिग-२१ तसं होतं. आपल्या ओझरला नाशिकजवळ बनायचं. बासष्ट वर्षं चाललं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला. मिग-२७ एका इंजिनाचं, सुखोई-७ एका इंजिनाचं, आणि माझा नातू बीदरला ज्या हॉकवर शिकतो तेही एकाच इंजिनाचं. म्हणजे सूनबाईचं म्हणणं बरोबर होतं.

इंजिन बंद पडलं की विमान लगेच दगडासारखं खाली येत नाही, हे आधी समजून घ्या. पंख आहेत, वेग आहे. ते घसरत-घसरत उतरतं. प्रवासी विमानाला लांब पंख असतात, ते बरंच लांब जातं. लढाऊ विमानाचे पंख आखूड. ते काही घारीसारखं तरंगत नाही. मिग-२१ तर धावपट्टीला टेकतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगात असायचं. एवढ्या वेगाचं यंत्र इंजिनाशिवाय शेतात उतरवायचं म्हणजे आपल्या काळ्या मातीत काय होईल, ते शेतकऱ्याला विचारा.

मी हे बँकेच्या भाषेत समजून घेतलं, कारण मला दुसरी भाषा येत नाही. उंची म्हणजे मुदत ठेव. वेग म्हणजे बचत खातं. इंजिन म्हणजे महिन्याचा पगार. पगार बंद झाला. आता जे काही करायचं ते या दोन खात्यांतून. वेग जास्त असेल तर तो आधी उंचीत टाकायचा, म्हणजे नाक वर करून चढायचं. ती ठेव. मग ठरलेल्या वेगावर विमान स्थिर करायचं आणि ठेव हळूहळू मोडत खाली यायचं. या वेळात जवळच्या धावपट्टीकडे वळायचं, इंजिन पुन्हा पेटतं का बघायचं, आणि रेडिओवर सांगायचं. क्रम असाच. नातू म्हणाला, ‘‘आबाजी, आमच्या डोक्यात हेच ठोकलेलं असते. आधी विमान सांभाळ, मग कुठं जायचं ते बघ, बोलायचं शेवटी.’’ मी म्हटलं, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेमकं उलटं चालतं.

इंजिन पुन्हा पेटवायचं तर आत वेगानं हवा घुसली पाहिजे, म्हणजे पाती फिरतील, ठिणगी पडेल, ज्योत धरेल. फार उंचावर हवा विरळ, तिथे धरत नाही. खाली यावं लागतं. वेगासाठी नाक खाली करावं लागतं. म्हणजे पेटवायच्या प्रयत्नातच ठेव मोडत असते. आणि खरा घोळ इथेच आहे. एकदा करून पाहिलं, धरलं नाही. अजून एकदा पाहू. अजून एकदा. जमीन वर येत असते.

२७ मे १९९९. कारगिल. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत मिग-२७ घेऊन बटालिकच्या बाजूला गेले होते. रॉकेटं सोडली आणि इंजिन विझलं. तिथे उंची भयंकर, हवा विरळ, आणि खाली मैदान नाही तर डोंगर. म्हणजे ठेव वरून मोठी दिसते पण डोंगरानं आधीच अर्धी खाल्लेली. त्यांनी इंजिन पेटवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. खुर्चीची दांडी ओढली आणि बाहेर पडले. शत्रूच्या हाती सापडले, हाल झाले, आठ दिवसांनी रेडक्रॉसच्या मार्फत सुटून वाघा सीमेवरून परत आले. ते कुठे पडले हे बघायला गेलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मात्र त्याच दिवशी क्षेपणास्त्रानं पडले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

बाहेर पडणं म्हणजे काही एसटीतून उतरणं नव्हे. खुर्चीखाली दारू आणि रॉकेट असतं. डोक्यावरची काच फुटते आणि माणूस खुर्चीसकट वर फेकला जातो. त्या क्षणी अंगावर स्वतःच्या वजनाच्या बारा-पंधरा पट भार येतो. मणका दबतो, मोडतोही. नचिकेत यांच्या पाठीला असा मार बसला की लढाऊ विमान पुन्हा उडवता आलं नाही, पुढे त्यांनी मोठी विमानं उडवली. पण उडवली! घरी आले, लग्न-संसार, नोकरी, सगळं झालं. खुर्च्या बनवणाऱ्या इंग्लंडच्या एका कंपनीनं साडेसात हजारांहून जास्त वैमानिक असे वाचवले आहेत. हॉकमध्ये त्याच कंपनीची खुर्ची आहे. हे मी सूनबाईला त्याच दिवशी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मग जे विमान परत आणतात त्यांचं काय? ते शूर नव्हेत का?

ऑगस्टमध्ये पेपरात एक बातमी आली होती. ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर पुण्याकडे वारले. आपला मराठी माणूस. बातमी चार ओळींची. पण या माणसाच्या आयुष्यात आपल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो.

१९६५ चं युद्ध. परुळकर तेव्हा अगदी नवे, नोकरीला दोन-अडीच वर्षं झालेली. विमानाला मारा लागला, त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. सोबतच्या लीडरनं सांगितलं, उडी मार. यांनी मारली नाही. जखमी हातानं विमान तळावर परत आणलं. वायुसेना पदक मिळालं. मी स्टेशनावर बोललो तेव्हा माझ्या डोक्यात असलंच काहीतरी होतं.

१० डिसेंबर १९७१. तेच परुळकर, आता सुखोई-७ वर. पश्चिम पाकिस्तानात झफरवाल भागात हल्ला करताना खालून तोफांचा मारा लागला. आणि या वेळी ते बाहेर पडले. तोच माणूस, तेच धाडस. मग फरक कशात? पहिल्या वेळी विमान उडत होतं, म्हणून आणलं. दुसऱ्या वेळी ते हातचं गेलं होतं, म्हणून सोडलं. खांद्यातून रक्त येत असताना राहायचं कसं, आणि अंगाला ओरखडा नसताना सोडायचं कसं, हे दोन्ही त्या माणसाला कळत होतं.

पुढची गोष्ट पोट्ट्यांसाठी. परुळकर रावळपिंडीच्या कैदी छावणीत. १९७२ चा ऑगस्ट. परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, तिघांनी कोठडीची भिंत आतून पोखरली आणि १३ तारखेच्या रात्री पळाले. बसनं पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीत लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द चार-पाच मैलांवर! त्यांच्या नकाशात पुढचं स्टेशन होतं लंडी खाना. त्यांनी तिथे जायला टॅक्सीचे किती घेणार म्हणून विचारलं. आणि तिथेच घात झाला. ते स्टेशन १९३२ पासून बंद होतं. चाळीस वर्षं तिथे गाडी जात नव्हती. तिथल्या माणसाला संशय आला, हे कोण बंद स्टेशनाचा पत्ता विचारतात? पकडले गेले. गोळी घातली असती, पण परुळकरांनी डोकं चालवून पाकिस्तानी हवाई दलातल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याचं नाव घेतलं, त्याला फोन लावा म्हणाले, आणि जीव वाचला. डिसेंबरात सगळ्यांसोबत परत आले.

हे वाचताना मला आपली शकुंतला आठवली. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, नकाशातही असेल. उद्या कोणी परका मूर्तिजापुरात उतरून ‘अचलपूरची गाडी किती वाजता’ म्हणाला, तर आपला रिक्षावालाही त्याच्याकडे वळून पाहील. असो. विषय भरकटला.

एक अपवाद सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. सोडून जाताच येत नाही असाही प्रसंग असतो. ३ फेब्रुवारी १९५२ ला लखनौहून दिल्लीला लष्कराचे बडे अधिकारी घेऊन एक छोटं डेव्हन विमान निघालं. त्यात आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात होते, पुढे लष्करप्रमुख झालेले श्रीनागेश आणि थिमय्या होते. वर इंजिनाला आग लागली. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास. बाहेर फेकणारी खुर्ची नाही, आणि मागे माणसं बसलेली. त्यांनी संडीला गावाजवळ शेतात विमान उतरवलं आणि सगळे वाचले. हवाई दलातलं पहिलं अशोकचक्र त्यांना मिळालं. खाली वस्ती असली तर विमान तिच्यापासून दूर वळवेपर्यंत थांबणारेही असतात. त्यांच्यापुढे आपण काय बोलणार? पण ते माणसांसाठी थांबतात. मी पोराला थांबायला सांगितलं होतं ते यंत्रासाठी, आणि खरं सांगायचं तर स्टेशनावरच्या टाळ्यांसाठी.

निवृत्त हवाई दलवाल्यांनी मला फोनवर एक गोष्ट सांगितली ती मला लागली. ते म्हणाले, खुर्ची चांगली असूनही माणसं जातात, कारण दांडी उशिरा ओढतात. आणि उशीर कोण करतो? ज्याला वाटतं की ही चूक माझी आहे. तो ती चूक निस्तरायला बघतो. अजून एक प्रयत्न, म्हणजे खाली गेल्यावर कोणी बोलणार नाही.

हे ऐकलं आणि मला माझं एक जुनं खातं आठवलं. शाखेचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. कापसाच्या धंद्यातला माणूस, जिनिंगला कर्ज मीच मंजूर केलेलं. पहिल्याच वर्षी कळलं होतं की हे बुडणार. तेव्हा हात वर केले असते तर थोडक्यात निभावलं असतं. पण मंजुरीवर सही माझी. मी दरवर्षी नवं-जुनं करत राहिलो. वाढवून देत राहिलो. तो माणूसही माझ्या भरवशावर घरचं सोनं घालत राहिला. चौथ्या वर्षी दोघंही जमिनीला टेकलो. माझी एक बढती गेली, त्यात फार काही नाही. त्याचं शेत गेलं. त्याच्या घरावरून जायची मला आजही हिंमत होत नाही. आजपर्यंत हे मी घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण त्याच तोंडानं मी स्टेशनावर ‘सोडून यायचं नाही’ म्हणून बोललो होतो.

तर दिवाळीत पोरगं आलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, ‘‘स्टेशनावर मी जे बोललो ते मी मागं घेतो. सोडायची वेळ आली तर सोड. विमान नवीन येईल.’’

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आबाजी, ते वर गेल्यावर ठरवायचंच नसते. रोज उडायच्या आधी जमिनीवरच ठरते. अमुक उंचीपर्यंत इंजिन लागलं तं ठीक, नाही तं बाहेर. मोठ्यानं बोलून दाखवा लागते. वर विचार कराले टाइम कुठं असते?’’

‘‘मग मी बोललो होतो ते?’’

‘‘ते मी स्टेशनावरच ठेवून गेलो होतो.’’

आत सूनबाई चकल्या डब्यात भरत होती. आम्हाला वाटलं तिचं लक्ष नाही. ती तिथूनच म्हणाली, ‘‘किती उंची?’’

त्यानं आकडा सांगितला, फुटात. ती बाहेर आली, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, ‘‘पुन्हा सांग.’’ त्यानं पुन्हा सांगितला. तिनं तो मनाशी म्हणून पाहिला आणि आत गेली. तो आकडा मी इथे सांगत नाही. तो त्यांच्या दोघांतला आहे.

रोडगे झाल्याचा वास येतो आहे आणि पोट्टे माझ्याकडे नाही, मागच्या चुलीकडे बघताहेत. माझं बोलणं झालं.